चर्चगेटचं चर्च कुठाय?

पहाटे कोकणकन्या दादरला लागली, दार उघडलं आणि तो ओळखीचा वास आला. चहाचा, ओल्या फरशीचा आणि गर्दीचा. गावी पाच दिवस समुद्र, सुपारीची झाडं आणि काकूच्या हातचं जेवण चापून आलेली मी त्या वासानं चक्क खूश झाले. पण ते सांगायचं कुणाला? आई झोपेत होती आणि बाबांशी माझा अबोला सुरू होता.

झालं असं की बाबा येत्या ३१ डिसेंबरला रिटायर होतायत. बॅलार्ड इस्टेटमधल्या एका ऑफिसात छत्तीस वर्षं. गुहागरजवळच्या आमच्या घराची कौलं सरकलीत, मागची भिंत ओल धरून बसलीय. बाबांनी तिथल्या ओटीवर बसून जाहीर केलं, फंडाचे पैसे इथे घालायचे. आणि मी इकडे बोरिवलीत मोठ्या घराची, स्वतःच्या एका खोलीची स्वप्नं बघत होते! परतीच्या गाडीत तोंडातून निघून गेलं, ‘‘तुम्ही पळून चाललात. मी काय करू मग?’’ बाबा काही बोलले नाहीत. चिपळूण ते दादर, शांतता.

तुम्हाला माहितीये, ट्रिपवरून परतल्यावर डिसेंबरचा शेवटचा पंधरवडा कसला भारी असतो ते. हवेत जरासा गारवा. बॉस सुट्टीवर. बीकेसीतल्या आमच्या ऑफिसात रिसेप्शनला कापसाचा बर्फ पडलेला, सिक्रेट सांताच्या चिठ्ठ्या फिरतायत, कामं सगळी ‘जानेवारीत बघू’ मोडवर. घरी मात्र टेन्शन. शेवटी नाताळाआधीच्या शनिवारी मीच पांढरं निशाण फडकवलं. म्हटलं, ‘‘बाबा, तुमचं फोर्ट दाखवा की एकदा. पुढच्या महिन्यात तुम्ही तिकडे जाणार नाही.’’

त्यांनी पेपर खाली ठेवला. ‘‘चल.’’

चर्चगेटला उतरलो आणि मी अगदीच बाळबोध प्रश्न विचारला. चर्चगेट, चर्चगेट म्हणतो आपण, पण चर्च कुठाय? आणि गेट?

बाबा हसले. गाडीतल्या भांडणानंतर पहिल्यांदाच. वीर नरिमन रोड धरून आम्ही ओव्हलकडून फोर्टात चालत निघालो. हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनपाशी ते थांबले. ‘‘हे तुझं गेट.’’ म्हणजे मुंबईच्या किल्ल्याचा दरवाजा इथे होता. १८६०च्या दशकात तटबंदी पाडली, दरवाजा गेला, त्या जागी १८६४ साली हे कारंजं आलं. गेट गेलं, नाव मात्र राहिलं. आणि त्या नावानं आपण रोज धक्के खात गाडी पकडतो!

चर्च अजून पुढे, हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे. सेंट थॉमस कथीड्रल. स्टेशनपासून रमतगमत वीसेक मिनिटं. बाबा छत्तीस वर्षं याच रस्त्यानं ऑफिसला चालत गेलेत, शेअर टॅक्सीचे पैसे वाचवत. म्हटलं, आत कसं आहे?

‘‘कधी गेलो नाही.’’

‘‘छत्तीस वर्षांत?’’

‘‘आपलं काय काम तिथे, असं वाटायचं. आणि नऊ चाळीसला मस्टर असायचं.’’

मग गेलो. दोघंही पहिल्यांदाच. फाटकातून आत शिरलं की आवाजाचं बटण कुणीतरी बंद केल्यासारखं होतं. उंच पांढरं छत, रंगीत काचा, जुनी लाकडी बाकं. याचं बांधकाम १६७६ साली सुरू झालं आणि मग चाळीसेक वर्षं अर्धवटच पडून राहिलं. प्रार्थनेसाठी ते उघडलं १७१८ साली, तेही बरोब्बर नाताळच्या दिवशी. म्हणजे आपल्याकडे प्रोजेक्ट रखडणं ही काही मेट्रोनं पाडलेली प्रथा नाही!

भिंतींवर संगमरवरी स्मारकं आहेत. कंपनी सरकारचे अधिकारी, सैनिक, त्यांच्या घरची माणसं. बाबा चष्मा कपाळावर चढवून वय मोजत होते. बरेच जण ऐन तारुण्यात गेलेले. माझ्या वयाचे. घर सात समुद्रापलीकडे आणि नाव इथल्या भिंतीवर.

आणखी एक गंमत. ब्रिटिश काळात मुंबईतली अंतरं या चर्चपासून मोजत. शहराचा शून्य मैल हाच. ते जुने मैलाचे दगड अजून कुठे कुठे सापडतात. मी हे सांगितल्यावर बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘मी कायम गावापासून मोजत आलो. तुझं मोजणं इथून सुरू होतं. चूक कुणाचीच नाही.’’

मला एकदम काही सुचलं नाही. त्या थंड बाकावर बसून राहिलो दोघं.

बाहेर आल्यावर बाबांना म्हटलं, आता माझी टर्न. हुतात्मा चौकातून भुयारी मेट्रो पकडली. तिसरं स्टेशन गिरगाव. एवढ्या खोलवर एसीत उभे राहून बाबा सारखे वर बघत होते, जणू काळबादेवी डोक्यावरून जाताना दिसणार होती. तिथून चालत खोताची वाडी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन कुटुंबांना दिली, म्हणून खोताची वाडी. ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई-साष्टी-वसईचे मूळचे ख्रिस्ती लोक. घरात मराठीच बोलणारे. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला, पण सण इथे अस्सल गिरगावकर होऊन बसलाय. गल्ली एवढीशी. दोन्ही बाजूंना लाकडी जिने, रंगीत कठडे, उतरती छपरं आणि दारात चांदण्या. कागदी, आत दिवा लावलेल्या. आपल्या आकाशकंदिलाच्या सख्ख्या चुलतबहिणी. मान वर केली की मागे टॉवर दिसतात. जुनी घरं कमी कमी होत चाललीयत.

एका व्हरांड्यात एक आजी ताटात कुलकुल पसरून बसल्या होत्या. बाबा थबकले. ‘‘आपल्या शंकरपाळ्यांसारखं दिसतं.’’ आजींनी दोघांच्या हातावर चार-चार ठेवले. बाबांनी छपराकडे बघून विचारलं, कौलं कोण बसवून देतं हल्ली? मग काय, वीस मिनिटं कौलं, वाळवी आणि पावसाळा! आजी म्हणाल्या, ‘‘घरात दिवा लागला पाहिजे. बंद ठेवलं की घर बसतं.’’

तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाबांना मुंबईतून पळायचं नव्हतंच. ते घर आपल्या डोळ्यांदेखत बसू नये, एवढंच त्यांना हवं होतं. आणि मला एक खोली हवी होती, म्हणून मी ते ऐकलंच नव्हतं.

चर्नी रोडच्या प्लॅटफॉर्मवर मांडवली झाली. या वर्षी कौलं आणि मागची भिंत. बाकीचं राहू दे. माझ्या खोलीचं मी माझ्या पगारातून बघायचं, बाबा थोडी भर घालतील. किती, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. अजून बरंच ठरायचंय, आईला तर कुणी विचारलेलंच नाही!

येताना एक लाल चांदणी घेतली. आईनं ती बाल्कनीत दिवाळीच्या कंदिलाच्याच खिळ्याला टांगली.

तर दोस्तांनो, नाताळाआधी एक दिवस काढा. आईला किंवा बाबांना त्यांच्या रोजच्या रस्त्यानं घेऊन चला, पण मस्टरची घाई नसताना. वाडीत गेलात तर हळू बोला, खिडक्यांतून फोटो काढू नका, लोकांची राहती घरं आहेत ती. आणि कुणी कुलकुल दिले तर नाही म्हणू नका.

सोमवारी बाबा नेहमीच्या गाडीनं गेले. दहाला त्यांचा फोन आला. ‘‘आज मस्टरला उशीर झाला. जरा आत बसून आलो.’’