जुन्या स्विचची पारख

सीसीएनए या सिस्कोच्या नेटवर्किंग परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी घरी लॅब मांडायची म्हणतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा मॉडेलचा असतो. सिस्कोचा कोणता जुना स्विच घ्यावा, कोणता राउटर स्वस्त पडेल? माझ्या मते त्याआधी दुसरा प्रश्न सुटायला हवा: संगणकावर फुकट मिळत नाही असं काय आपल्याला या पत्र्याच्या पेटीतून हवं आहे? फेब्रुवारी २०२० मध्ये लागू झालेल्या २००-३०१ या सीसीएनए परीक्षेच्या आराखड्यात आयपी जोडणीला २५ टक्के वजन आहे. नेटवर्कची मूलतत्त्वं आणि नेटवर्क अॅक्सेस यांना प्रत्येकी २०, सुरक्षेला १५, आयपी सेवा आणि ऑटोमेशनला प्रत्येकी १० टक्के. ओएसपीएफ, सबनेटिंग, नॅट, व्हीलॅन यांचा सराव पॅकेट ट्रेसर या फुकट सिम्युलेटरवर चांगला होतो. ऑटोमेशन जुन्या स्विचवर शिकताच येत नाही. त्यामुळे सेकंडहँड उपकरणांचं समर्थन परीक्षेच्या गुणांत शोधलं तर ते लंगडं पडतं.

खरं समर्थन बिघाडात आहे. सिम्युलेटरमधली केबल कधी अर्धवट क्रिम्प झालेली नसते. तिथे एसएफपी, म्हणजे फायबर जोडायचा सुटा भाग, नीट न बसल्यामुळे लिंक पडत नाही आणि आधीच्या मालकाने ठेवलेला पासवर्ड वाटेत आडवा येत नाही. सातारा-सांगली पट्ट्यात नेटवर्कचं काम मिळतं ते साखर कारखान्यांत, सहकारी बँकांत, इंजिनिअरिंग कॉलेजांत. रेठऱ्याचा कृष्णा किंवा साखराळ्याचा राजारामबापू अशा कारखान्याच्या पसरलेल्या आवारात वजनकाट्यापासून मुख्य कार्यालयापर्यंतचं अंतर तांब्याच्या इथरनेट केबलची १०० मीटरची मर्यादा सहज ओलांडू शकतं. तिथे फायबर लागते आणि ती जोडणारा माणूस लागतो. हंगामात काटा बंद पडला तर बाहेर उसाच्या गाड्यांची रांग वाढत जाते. अशा वेळी दोष आज्ञेत आहे, केबलमध्ये आहे की पोर्टात, हे वेगळं काढता येणं हीच या पेशातली खरी विद्या आहे. ती हाताळूनच येते.

हे मान्य केलं की निवडीचे निकष आपोआप ठरतात. स्विचच्या नावातली शेवटची अक्षरं आधी वाचावीत. २९६०-२४टीटी-एल आणि २९६०-२४टीसी-एल दिसायला जवळपास सारखे, पण टीसीच्या दोन अपलिंक पोर्टांवर तांब्याची केबल किंवा एसएफपी यांपैकी काहीही चालतं. टीटीवर फक्त तांबं. फायबरचा सराव करायचा तर टीसीच हवा. अखेरचं एल म्हणजे लॅन बेस आणि एस म्हणजे लॅन लाइट. सुरक्षेच्या काही सोयी लाइटमध्ये नसतात, म्हणून थोडे पैसे वाचवण्यासाठी एस घेणं महाग पडतं. घर लहान असेल तर ८ पोर्टांचा २९६०-८टीसी-एल पंख्याविना, आवाज न करता चालतो. राउटरमध्ये १९४१ पुरेसा आहे, मात्र आत असलेल्या आयओएसच्या फाइलच्या नावात के९ आहे का ते पाहावं. त्याशिवाय एसएसएच चालत नाही. नवी फाइल कंपनीकडून घ्यायला सेवाकरार लागतो, म्हणून पेटीत जे सॉफ्टवेअर आहे तेच आपलं, असं धरूनच किंमत ठरवावी.

विकणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे. साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर, सांगलीहून सुमारे २३०. वस्तू परत करायला जाणं परवडत नाही, त्यामुळे पारख आधीच करावी लागते. खरसुंडीच्या बाजारात खिलार घेणारा शेतकरी दात बघतो आणि बैल चालवूनही बघतो, इथेही तेच. कन्सोल केबल लावून पेटी पूर्ण सुरू होताना पाहावी, ‘शो व्हर्जन’ आणि ‘शो इन्व्हेंटरी’ यांचं उत्तर पेटीवरच्या सीरियल नंबरशी ताडून पाहावं, प्रत्येक पोर्टात केबल घालून दिवा लागतो का ते पाहावं. माल दुरून मागवायचा असेल तर हे सगळं व्हिडिओवर मागावं. कृष्णेच्या काठी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. सांगलीत आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट; ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. पाण्याखाली राहिलेली पेटी वाळवली की काही दिवस चालूही शकते. पोर्टांच्या पिनांवर हिरवट थर, स्क्रूवर गंज किंवा पंख्याच्या पात्यांत गाळ दिसला, तर भाव कितीही पडला तरी ती घेऊ नये.

यावर आक्षेप येतात. पहिला, जुनं सॉफ्टवेअर आजच्या परीक्षेशी जुळत नाही. वायरलेस आणि ऑटोमेशनपुरता तो खरा आहे, आणि ते भाग सिम्युलेटरवरच करावेत. पण व्हीलॅन, ट्रंक, इथरचॅनल यांच्या मूळ आज्ञा तशाच आहेत. दुसरा, वीजबिल. सुमारे ३० वॅटचे दोन स्विच रोज तीन तास चालवले तर महिन्याला साधारण साडेपाच युनिट होतात. बिलाचा बाऊ करण्याइतका हा खर्च नाही. तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो: तयार संच एकदम घेतला तर स्वस्त पडतो. पण अशा संचांत सीरियल कार्डं आणि त्यांच्या जाड केबलींचे पैसे धरलेले असू शकतात. ही कार्डं ज्यांच्या सरावासाठी लागत, त्यांपैकी फ्रेम रिले २०१६ मध्येच अभ्यासक्रमातून गेलं आणि २००-३०१ मध्ये पीपीपीही उरलं नाही. गेलेल्या अभ्यासक्रमाचे पैसे भरणं ही बचत नव्हे.

म्हणून क्रम असा असावा: आधी कन्सोल केबल आणि क्रिम्पिंगचं चांगलं अवजार, मग लॅन बेसचे दोन स्विच, राउटर सर्वांत शेवटी. पेटी घरी आली की आधीच्या कार्यालयाचं कॉन्फिगरेशन न चाळता पुसावं, व्हीलॅनची फाइलही काढावी. ती माहिती आपली नाही. त्यानंतर मुद्दाम पासवर्ड लावून तो विसरल्यासारखं वागावं आणि मोड बटण दाबून स्विच परत मिळवावा. परीक्षा हे विचारेलच असं नाही, पण कारखान्यात रात्रपाळीला फोन करणाऱ्याला त्याचंच उत्तर हवं असतं. ज्या उपकरणावर असे बिघाड निर्धास्तपणे घडवता आणि दुरुस्त करता येतात, तेच लॅबसाठी योग्य. मॉडेल किती नवं आहे हा प्रश्न त्यानंतरचा.