आत्यांची चक्कर

माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. सासरे एस.टी.च्या दापोडी वर्कशॉपमध्ये होते. ते गेले, पण आत्यांचा हात कधी रिकामा राहिला नाही. गेल्या पावसाळ्यात एका पहाटे कुशीवर वळताच त्या ओरडल्या, "पोरी, घर फिरतंया!" अर्ध्या मिनिटात चक्कर थांबली, पण उलटी झाली. मग ते रोजचंच झालं. फळीवरचा डबा काढायला मान वर केली, तरी भिंती फिरायच्या.

शेजारणी म्हणाल्या, "बाहेरचं असंल, कुणाला तरी दाखवा." एका डॉक्टरांनी अशक्तपणाच्या गोळ्या दिल्या. आत्या आडव्या व्हायलाच घाबरू लागल्या. भिंतीला टेकून रात्र काढायच्या. आणि मी? कामावरून थकून आले की मनात म्हणायची, सोंग करतात. आज लिहिताना लाज वाटते.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कान तर दुखत नव्हता! त्यांनी चित्र काढून समजावलं. आतल्या कानात ऐकण्यासाठी गोगलगायीच्या शंखासारखा भाग असतो. त्याला लागूनच तोल सांभाळणाऱ्या तीन अर्धगोल नळ्या. त्यांत पाणी असतं. डोकं वळलं की ते हलतं आणि मेंदूला खबर जाते. शेजारच्या पिशवीत चुनखडीचे बारीक कण असतात. वयामुळे किंवा डोक्याला मार लागून ते सुटतात आणि नळीत शिरतात. मग डोकं थांबलं तरी कण पाणी ढकलत राहतात. मेंदूला वाटतं, आपण फिरतोच आहोत.

बाईंनी आत्यांची मान वळवून त्यांना झटकन आडवं केलं. बुबुळं थरथरू लागली. हीच खूण. मग ठरलेल्या क्रमाने डोकं फिरवत, कुशीवर नेत, उठवून बसवलं. कण परत पिशवीत गेले. पाचेक मिनिटांचं काम! अमेरिकेतल्या डॉ. जॉन एप्ली यांनी ही पद्धत शोधली आणि १९९२ साली तिच्यावर लेख प्रसिद्ध केला.

त्या रात्री आत्या आडव्या होऊन झोपल्या.

भगिनींनो, हे वळवणं जाणत्या डॉक्टरांकडूनच करून घ्या. कण पुन्हा सुटू शकतात, तेव्हा पुन्हा जा. चक्करेबरोबर बोलणं जड झालं, हातपाय लुळे पडले, एकाचे दोन दिसू लागले, तर तो कान नव्हे. तडक मोठं हॉस्पिटल गाठा. आणि घरातलं म्हातारं माणूस "फिरतंय" म्हणालं, तर आधी त्याच्यावर विश्वास ठेवा. मी तो उशिरा ठेवला.