मुरमावरचा भरवसा

तीर्थपुरीत माउंटन बाइकचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथं डोंगर कुठाय? घनसावंगी तालुक्याचा हा भाग गोदावरीच्या खोऱ्यातला. काळी माती, ऊस, कापूस, मोसंबीच्या बागा. डोंगर म्हणावं असं काही बघायचं तर अंबडला मत्स्योदरी देवीच्या टेकडीपाशी जावं लागतं. तरीही नवशिक्याला शिकवायला मला हाच मुलूख सर्वांत योग्य वाटतो. सह्याद्रीतल्या अरुंद वाटेवर एका बाजूला दरी असते, त्यामुळे सगळं लक्ष तिकडंच राहतं. इथल्या माळावर घसरलं तर कोपर खरचटतं. माणूस उठतो, सायकल फिरवतो आणि तोच उतार पुन्हा उतरतो. या खेळात सगळा भरवसा अशा पुन्हा उतरण्यातून येतो.

मुद्दाम सायकलसाठी घडवलेल्या वाटा आपल्याकडे नाहीतच. पाणंद, धुऱ्यावरची पायवाट, कालव्याच्या भरावावरचा कच्चा रस्ता, जानेवारीत कोरडा पडलेला ओढा आणि बरडावर गुरांच्या खुरांनी पाडलेल्या वाटा, एवढंच आपलं मैदान. पण या प्रत्येकीची जमीन वेगळी आहे, आणि शिकायची आहे ती जमीनच.

काळी माती बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. पावसाळ्यात ती टायरला अशी लपेटते की सायकलचा फोर्क आणि चाक यांच्यामधली फट भरून जाते आणि चाक फिरायचं थांबतं. तेव्हा काळ्या रानातून सायकल नेऊच नये. आपलीही दमछाक होते आणि पाणंदीत पडलेली चाकोरी पुढं महिनोन्महिने वाळून दगडासारखी राहते, तीतून बैलगाडीवाल्यांना जावं लागतं. उन्हाळ्यात याच मातीला भेगा पडतात. भेग आडवी असली तर चाक ओलांडून जातं, वाटेच्या दिशेनं असली तर पुढचं चाक तीत अडकतं.

मुरमाचं तसं नाही. पाणी त्याच्यातून लवकर निचरतं. पाऊस उघडला की माळाला वापसा आधी येतो, आणि वापशावरच्या मुरमाइतकी टायरला पकड देणारी जमीन मी दुसरी पाहिली नाही. तोच मुरूम एप्रिलमध्ये कडक तळावर मोकळी खडी पसरल्यासारखा होतो आणि वळणावर पुढचं चाक काढून घेतो. म्हणून नवशिक्यानं सुरुवात दसऱ्याच्या आसपास करावी, असं माझं ठाम मत आहे. उन्हाळ्यात सुरुवात केलेल्यांपैकी बरेच जण आपल्याला हे जमणार नाही असं ठरवून बसतात. खरं तर त्या महिन्यात तो माळ मुरलेल्या माणसालाही सोपा नसतो.

सायकल हातात घेतल्यावर पहिल्यांदा मी टायरची हवा बघतो. आपल्याकडे टायर अंगठ्यानं दाबल्यावर दबला नाही की लोकांना समाधान वाटतं. डांबरावर ते ठीक. सव्वादोन इंच रुंदीचा टायर, आत ट्यूब आणि पासष्ट किलोचा माणूस असेल, तर 25 ते 30 पीएसआय पुरतं. त्याहून फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चेपते, फार जास्त भरली तर चाक खड्या-खड्यावरून उडतं. उडणारं चाक पकड धरत नाही, आणि बसणाऱ्याला वाटतं की तोल आपलाच जातोय. बाभळीच्या काट्यांचा बंदोबस्त वेगळा: ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्यावं, नाहीतर अर्धा दिवस पंक्चर काढण्यात जातो.

मग ब्रेक. लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतं की पुढचा ब्रेक लावला की माणूस उलटतो. त्या भीतीनं नवशिका फक्त मागचा ब्रेक दाबतो, मागचं चाक मुरमावर फरफटतं आणि सायकल थांबतच नाही. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर सरकतं, म्हणून थांबवण्याची ताकद मुख्यतः पुढच्या ब्रेकातच असते. हे सांगून पटत नाही. सपाट जागी, सावकाश वेगात, एका बोटानं पुढचा ब्रेक थोडा थोडा वाढवत न्यायचा, ढुंगण सीटच्या मागं, टाचा खाली. मागचं चाक कुठं हलकं व्हायला लागतं ते एकदा अंगाला कळलं की उताराची निम्मी भीती जाते.

उतार मी खालून शिकवतो. आधी सायकल बाजूला ठेवून वाट पायी चालायची. दगड कुठला, ब्रेक कुठं सोडायचा, वळण कुठं सुरू होतं ते बघायचं. मग शेवटच्या काही पावलांचा तुकडा तेवढा उतरायचा. तो सहज जमला की थोडं वर जाऊन तिथून. वरून निघताना पुढचा सगळा भाग आधीच ओळखीचा असतो, नवं असतं ते फक्त पायाशी.

आणि नजर. तिफण धरणारा माणूस फणाकडं बघत बसला तर तास वाकडं जातं, म्हणून तो समोरच्या बांधाकडं बघतो. सायकलचं अगदी तेच आहे. दगडाकडं बघितलं की चाक दगडावर जातं, दगडाशेजारच्या मोकळ्या पट्ट्याच्या पुढं बघितलं की चाक तिकडून निघून जातं.

हा खेळ जिथं आकाराला आला त्या कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत 1976 पासून जुन्या, जड सायकली घेऊन तरुण पोरं कच्च्या उतारावर शर्यती लावत. एका खेपेत मागच्या हबमधलं ग्रीस तापून जळून जाई आणि ते पुन्हा भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच ‘रिपॅक’ पडलं. त्यांच्यातल्या जो ब्रीझनं 1977 मध्ये अशा वाटांसाठी म्हणून खास सायकल बांधली. त्याच वर्षी, त्याच राज्यात, स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा एक निबंध छापून आला. हे आपल्याला जमेल असं माणसाला कशामुळं वाटतं, हा त्याचा विषय. त्यानं चार उगम सांगितले: स्वतः करून पाहिलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्यानं केलेलं पाहिलेलं, कुणी शब्दांनी दिलेला धीर आणि आपल्या शरीराची त्या वेळची अवस्था. यातलं स्वतः केलेलं सगळ्यात भक्कम, शब्दांचा धीर त्यामानानं कच्चा. माळावर मला रोज हेच दिसतं.

दुसऱ्या उगमासाठी मी पोरांना प्रणिता सोमणचं नाव सांगतो. संगमनेरची ही मुलगी राष्ट्रीय माउंटन बाइक स्पर्धेत सुवर्ण मिळवते, हे कळल्यावर मुलींच्या चेहऱ्यावर जे येतं ते माझ्या शंभर सूचनांनी येत नाही. संगमनेर काही हिमालयात नाही.

दहावीतली एक मुलगी ओढ्याच्या काठावर येऊन थांबायची. बाकीची पोरं खालून ओरडायची, “घाबरू नको, घाबरू नको!” मी त्यांना गप्प केलं. ती म्हणाली, “काका, मी आज उतरून चालत जाते.” मी म्हटलं, “जा की.” दुसऱ्या दिवशीही ती चालत गेली, पण चालताना मधल्या दगडापाशी थांबून दोन्ही बाजू बघत होती. नंतर एकदा तिनंच विचारलं, “काका, दगडाच्या डावीकडून गेलं तर?” “टाचा खाली ठेव आणि पलीकडच्या लिंबाकडं बघ,” एवढंच मी बोललो. ती गेली. पलीकडच्या काठावर न थांबता वळून परत आली, आणि पुन्हा गेली.

सायकलवरून उतरायची मोकळीक मी कुणालाही, कधीही देतो. कुठं उतरायचं हे ज्याला ठरवता येतं, त्यालाच कुठं बसून राहायचं हे कळतं. शरमेपोटी पेडल मारणारा पोरगा हात आखडून बसतो, आणि आखडलेल्या हातांना खडीवरून हँडल सांभाळता येत नाही.

दिवाळीनंतर उसाची तोडणी जोरात सुरू होते आणि दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर पाणंदीतून जायला लागतात. त्या दिवसांत आम्ही पाणंद सोडतो, बरडावर जातो आणि घंटी मात्र तिथंही वाजवतो, कारण वळणापलीकडं शेळ्या असतात. त्या मुलीला आता ओढ्यापलीकडची चढण करायची आहे. चढ लागायच्या आधी गिअर हलका, अंग पुढं, सीटच्या टोकावर. तळापासून सुरू करू म्हणते.