किंकाळीनंतरचं पाणी

'सायको' म्हटलं की लोक हात उगारतात आणि व्हायोलिनचे ते चीत्कार तोंडाने काढून दाखवतात. तो मान बर्नार्ड हरमनचा आहेच. हिचकॉकला शॉवरखालच्या खुनाच्या त्या प्रसंगाला संगीत नको होतं. हरमनने तरीही ते लिहिलं, निव्वळ तंतुवाद्यांसाठी, आणि ऐकल्यावर हिचकॉकने मत बदललं. पण आमच्या ध्वनीच्या धंद्यातल्या माणसाने ऐकावं ते त्याच्या पुढचं. मारेकरी निघून जातो, खर्जातले स्वर मंदावत थांबतात आणि उरतो फक्त शॉवर. खून झालेल्या मॅरियनने तो स्वतः सोडला होता, बंद करायला आता कुणी नाही. कॅमेरा मोरीच्या तोंडाशी जातो, तिथून मॅरियन झालेल्या जॅनेट लीच्या निश्चल डोळ्यावर येतो आणि पाणी पडतच राहतं. १९६० सालच्या त्या श्रेयनामावलीत ध्वनीसाठी वॉल्डन वॉटसन आणि विल्यम रसेल अशी दोन नावं आहेत. त्यांची आठवण कुणी काढत नाही, याचं मला घरच्या माणसासाठी वाटावं तसं वाईट वाटतं.

गेल्या हिवाळ्यात कान तपासून घेतले. चार हजार हर्ट्‌झच्या पुढे आलेखाची रेघ दोन्ही कानांना खाली उतरली आहे. वयाने होतं असं, तपासणाऱ्या बाई म्हणाल्या. पण पाण्याची धार राहते ती नेमकी त्याच भागात. घरी येऊन 'सायको' लावला. पाणी तेच होतं, त्यावरची झिलई गेली होती.

आणि सध्या हातात काम आहे तेही पाण्याचंच. डब्लिनमधल्या ग्रँड कॅनाल डॉकवर घडणारी एक छोटी रहस्यकथा. धक्क्यावर झटापट होते, एक माणूस पाण्यात पडतो, दुसरा निघून जातो. मग लांबलचक शॉट: काळं पाणी, पलीकडे चौकातल्या तांबड्या खांबांचा उजेड. संगीत नाही. दिग्दर्शकाने ती जागा माझ्यावर सोडली आहे आणि मी तिथेच अडकून पडले आहे.

अडचण अशी की झटापटीआधीचं पाणी आणि नंतरचं पाणी एकच असायला हवं, पण ऐकणाऱ्याला ते एक वाटता कामा नये. आवाज वाढवला तर माझा हात दिसतो. उतरवला तर पाण्याला दुखवटा पाळायला लावल्यासारखं होतं. आणि पाणी दुखवटा पाळत नाही, हीच तर त्यातली भीती आहे.

ही गोदी १७९६ साली खुली झाली. लिफी नदी आणि गोदी यांच्यामध्ये लॉकची दारं आहेत. आतलं पाणी एका पातळीवर, बाहेरचं भरती-ओहोटीने वर-खाली होणारं. ओहोटीला दोन्हींतला फरक वाढतो आणि दारांच्या फटींतून आतलं पाणी नदीत गळू लागतं. भरती चढली की ती गळती मुकी होते. डार्टच्या लोकल गाड्या बंद झाल्या की मी ती रेकॉर्ड करते. माइक जवळ नेला तर एकेक बुडबुडा सुटा आणि गोंडस ऐकू येतो, लांब नेला तर नुसती खरखर. या दोन्हींच्या मध्ये एक अंतर आहे, जिथून पाणी घडल्या प्रकाराशी काहीच देणंघेणं नसल्यासारखं वाटतं. धक्क्यावर ते सापडतं. मिक्सला बसले की निसटतं.

याच देशात एका तरुणाला ते बरोबर ऐकू आलं होतं. रॉजर कॉर्मनच्या चित्रपटाच्या कामासाठी आयर्लंडला आलेल्या फ्रान्सिस फोर्ड कपोलाने उरलेल्या पैशांत 'डिमेन्शिया १३' केला. ब्रेचा आर्डमोर स्टुडिओ, हाउथचा किल्ला, साल १९६३. 'सायको'च्या यशाचा फायदा उठवण्यासाठीच तो काढला होता, हे लपत नाही. पण सुरुवात बघावी. तळ्यात, नावेवर, नवऱ्याला हृदयविकाराचा झटका येतो. बायको प्रेत पाण्यात ढकलते आणि मागोमाग त्याचा ट्रान्झिस्टरही जातो. तो वाजत वाजत बुडतो. सूर गुदमरतात, तरी थांबत नाहीत. 'सायको'शी त्याचं खरं नातं मला त्या ट्रान्झिस्टरमध्ये दिसतं, पुढे येणाऱ्या कुऱ्हाडीत नाही. १९७४ मध्ये त्याच कपोलाने 'द कॉन्व्हर्सेशन' केला, ध्वनिमुद्रकालाच नायक करून, आणि आवाजाचं काम वॉल्टर मर्चचं. हॉटेलच्या न्हाणीघरात तो नायक, हॅरी कॉल, शॉवरचा पडदा सरकवतो, मोरीवर बोट फिरवून बघतो. सगळं स्वच्छ. मग कमोडचं पाणी सोडतो आणि रक्त वर येतं.

बाकीच्यांनी 'सायको'तून किंकाळी तेवढी उचलली. आजचा रहस्यपट म्हणजे तळाशी घुमणारा खर्ज, वर चढत जाणारी शीळ आणि शेवटी धाडकन ठोका. असं काम करणाऱ्यांना माझ्याहून जास्त मागणी आहे, त्यांतले काही खरोखर हुशारही आहेत. तरी ते काम मला आळशी वाटतं. कधी घाबरायचं हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलं, तर त्याने स्वतः कान टवकारायचे कशाला? राजा परांजप्यांच्या १९६४ च्या 'पाठलाग'वरून राज खोसल्यांनी दोन वर्षांत 'मेरा साया' केला, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. कथेचा वारसा असा नावानिशी सांगता येतो. आवाजाचा वारसा कुणी सांगत नाही, म्हणून त्यातला सोपा भाग तेवढा टिकतो.

माझ्या हाताखाली नाशिकची एक मुलगी शिकते आहे. परवा म्हणाली, "ताई, इथे वरती शिट्टीसारखं काहीतरी येतंय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. स्क्रीनवर बारा हजारांच्या आसपास खरंच एक बारीक रेघ होती. मी मान डोलावली, जणू मीही तिथवर येतच होते. कानांचं तिला अजून सांगितलेलं नाही. काम जाईल याची भीती नाही. ती माझ्याशी सांभाळून बोलायला लागेल, ते मला सोसवणार नाही. इतकी वर्षं 'हिचे कान' म्हणून लोकांनी माझं नाव घेतलं आणि ते ऐकायला मला फार आवडत आलं आहे.

वरची पट्टी यापुढे तिच्याकडे, असं काम वाटून दिलं आहे. पाणी किती वेळ वाहू द्यायचं, हे मात्र मीच ठरवणार. दिग्दर्शकाला तीस सेकंद पुरेशी वाटतात. तीस सेकंदांत प्रेक्षक कुणीतरी येईल म्हणून वाट बघत असतो. कुणी येणार नाही, हे त्याला त्यानंतर कळायला लागतं. मला पन्नास हवी आहेत. त्यांच्यासाठी मी भांडणार आहे, आणि श्रेयनामावलीत माझं नाव संगीतकाराच्या आधी यावं, यासाठीही.