तिन्ही नावांची व्यक्ती एकच

वडिलांच्या निधनानंतर तुळिंजच्या आमच्या घरातल्या पेटीतून जे कागद निघाले, त्यांवर त्यांची तीन नावे होती. शाळेच्या दाखल्यावर एक, घराच्या करारनाम्यावर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. घर आईच्या नावावर व्हायचे, तर 'तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र हवे होते. ते लिहावयास बसलो आणि पहिल्याच ओळीशी अडलो.

वास्तविक एकास अनेक नावे, ही गोष्ट आम्हांला नवी नाही. शूर्पारक, सुप्पारक, सोपारा हे एकच प्राचीन बंदर. आम्ही रोज त्याच्याच नावाच्या स्टेशनावर गाडी पकडतो. गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम एकच, हेही आपण वर्गात शिकवतो. याउलट नामदेव आणि विष्णुदासनामा दोन. पण नामसादृश्यामुळे त्यांच्या रचनांची सरमिसळ झाली आणि ती निवडताना अभ्यासकांची दमछाक झाली.

प्राणिशास्त्राने या दोन्ही दुखण्यांवर नियम केले आहेत. एका प्राण्यास दोन नावे पडली, तर सामान्यतः आधीचे राहते. दोन प्राण्यांस एकच नाव पडले, तर नंतरच्याने ते सोडायचे. ही ज्येष्ठता लिनियसच्या 1758 सालच्या ग्रंथापासून मोजतात. 'प्लॅटिपस' हे नाव 1793 मध्ये एका भुंगेऱ्यास दिलेले होते; म्हणून 1799 मध्ये तेच नाव मिळालेल्या ऑस्ट्रेलियातील चोचवाल्या प्राण्यास शास्त्रात 'ऑर्निथोऱ्हिंकस' व्हावे लागले.

तिसरे दुखणे अधिक घातक: परक्याचे नाव चिकटणे. कर्नल साइक्स याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन केले आणि खुद्री, मुसल्ला, नुक्ता ही इथली नावे जवळपास तशीच शास्त्रात नेली. पुढे 'मुसल्ला' हे नाव कावेरीतल्या पाठीवर उंचवटा असलेल्या प्रचंड महसीरास लावले गेले. साइक्सचा मासा महसीर नव्हेच, हे 2013 मध्ये मांडले गेले. मग कावेरीतला मासा अनामिक ठरला. रीतसर नाव नाही, म्हणून संकटग्रस्त जातींच्या जागतिक यादीत त्यास जागाही नाही. दरम्यान कावेरीत लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेली खुद्री सोडली गेली होती. ती फोफावली आणि मूळचा मासा विरळ होत गेला. केरळातील पांबार नदीतल्या लहान माशांवरून 2007 मध्ये वर्णिलेली 'टॉर रेमादेवी' ती हीच, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. त्याच वर्षी तो मासा यादीत आला, तो थेट 'अतिसंकटग्रस्त' म्हणून.

नावांचा घोळ म्हणजे पंडितांची करमणूक, असे आम्ही इतकी वर्षे मानीत आलो. ते मत आता मागे घेतो.

प्रतिज्ञापत्रात आम्ही शास्त्राप्रमाणे सर्वांत जुने, दाखल्यावरचे नाव आधी लिहिले आणि इतर दोन 'उर्फ' करून त्यामागे लावली. आईने कागद वाचला. म्हणाली, "या पहिल्या नावाने त्यांना कुणीच कधी हाक मारली नाही रे." मग तिने सही केली.