रणगाड्यांच्या जत्रेत वर्दी कुणाची?

तुम्हाला रणगाड्यांचं वेड आहे? मग इंग्लंडच्या डॉर्सेट काउंटीतलं बोव्हिंग्टन गाव लक्षात ठेवा. तिथल्या टँक म्युझियमचा 'टँकफेस्ट' जूनच्या अखेरीस भरतो. आत 1915 चा 'लिटल विली' शांत उभा असतो आणि बाहेर मैदानात जुने रणगाडे धूर सोडत, माती उडवत धावतात.

जुन्या जीपगाड्यांजवळ दुसऱ्या महायुद्धाच्या वर्दीतली हौशी मंडळी भेटतील. त्यांच्यासोबत खुशाल फोटो काढा. 1944 चा सैनिक आज ड्युटीवर आहे, असं कुणालाच वाटणार नाही.

पण एखाद्या हौशी माणसाने आजच्या ब्रिटिश लष्कराचीच वर्दी चढवली तर? बोव्हिंग्टन ही लष्कराची छावणीही आहे. रणगाडे चालवायला शिकणारे खरे जवान तिथेच असतात. तुम्ही अदबीने विचारणार, "पोस्टिंग कुठे होतं?" आणि समोरचा म्हणणार, "छे हो, ही ऑनलाइन घेतली!" ओशाळणार मात्र तुम्ही. परवानगीशिवाय अशी वर्दी घालायला तिकडे 1894 पासून कायद्याने मनाई आहे. नाटकातल्या नटांना तेवढी सूट.

आपल्याकडे सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा पोशाख घातला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 2016 मध्ये पठाणकोटचे हल्लेखोर लष्करी कपड्यांतच आले होते. त्यानंतर असे कपडे वापरू नका, असं आवाहन लष्करानेच केलं.

टँकफेस्टला जाताना रेनकोट घ्या, मुलांच्या कानांसाठी कापूस घ्या. कॅमोफ्लाज पँट घरीच राहू द्या.