सतरा भागाकार

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या फळ्यावर लिहिली की वर्ग गप्प होतो, आणि ते गप्प होणं मला मनापासून आवडतं. निवृत्तीनंतरही मी शाळेत जातो, त्यात या हौसेचा वाटा मोठा आहे.

देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या डेम्लो संख्यांपैकी ही एक, नऊ एकांच्या संख्येचा वर्ग. अवयव पाडले तर ३ चारदा, ३७ दोनदा आणि ३३३६६७ दोनदा, विभाजक ४५. इथवर सगळं सरळ आहे. माझं घोडं अडतं ते ३३३६६७ पाशी. ती मूळ संख्या आहे, पण हे दाखवायचं कसं? भाग जात असेल तर भाजक पुढे ठेवला की वाद मिटतो. भाग जात नाही हे मात्र एकेका मूळ संख्येनं भागूनच पटवायचं, ५७७ पर्यंत १०६ वेळा. मोतीबिंदू झाल्यापासून लांबलचक भागाकार मांडताना वहीतले अंक एकमेकांत मिसळतात.

नववीतल्या एका मुलीनं विचारलं, “सर, फोन मूळ म्हणतोय. पण का मूळ?” त्या ‘का’नं मला झोप लागू दिली नाही.

३३३६६७ ची तिप्पट १००१००१. समजा, एखादी मूळ संख्या ‘प’ ३३३६६७ ला निःशेष भागते. मग ‘प’नं १००१००१ ला, आणि तिच्याच पटीतल्या ९९९९९९९९९ लाही भाग जातो, म्हणजे १ ला ‘प’नं भागल्यावर येणारा आवर्ती दशांश नऊ, तीन किंवा एका अंकाचा. तीन किंवा एकाचा असता तर १००० ला ‘प’नं भागून बाकी १ उरली असती, १००१००१ ची बाकी ३ झाली असती आणि ‘प’ ३ च ठरला असता; पण ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तिला ३ नं भाग जात नाही. म्हणून आवर्तन नऊ अंकांचंच, आणि आवर्तनाच्या लांबीनं ‘प’ वजा १ ला भाग जातोच. ‘प’ विषम, तेव्हा तो १८ च्या पटीपेक्षा एकानं जास्त. ५७७ पर्यंत अशा मूळ संख्या सतराच: १९, ३७, ७३, १०९... शेवटच्या ५७७ नं भागल्यावर बाकी उरते १६१.

हल्ली झटपट गणिताचे वर्ग गल्लोगल्ली निघालेत. तिथं मुलं भराभर गुणाकार करतात, पण कुठले भागाकार करायचेच नाहीत हे त्यांना कोणी शिकवत नाही. माझ्या लेखी गणिताची खरी हातोटी तीच, आणि ती आपल्या शाळांतून जाते आहे याचं मला फार वाईट वाटतं.

शिक्षकमित्रांनो, दहा एकांच्या संख्येचा एक अवयव ९०९१ आहे. तो उद्या नववीला द्या, फोन बाजूला ठेवायला सांगून. ११, ३१, ४१, ६१ आणि ७१ एवढेच पाच भागाकार पुरतात. पाचच का, ते मुलांना शोधू द्या.